सुझानाच्या गाण्याचा जमाखर्च

पेटीवर भूपाचे पाच स्वर लावले की एक अमेरिकन गाणं जवळजवळ पूर्ण वाजवता येतं. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषादाला हात न लावता त्याचं कडवं सुरू होतं आणि संपतंही. हे गाणं म्हणजे ‘ओ! सुझाना’. माउथ ऑर्गन किंवा गिटार शिकायला बसलेल्या पुष्कळांची बोटं सुरुवातीलाच या चालीवरून फिरलेली असतात. आपल्याला ते माहीत असतं ते एक आनंदी, निरागस बालगीत म्हणून. प्रत्यक्षात १८४७ मध्ये हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या एका २१ वर्षांच्या कारकुनाने मोठ्या माणसांना हसवण्यासाठी ते रचलं होतं. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या गाण्याचं जे झालं, तसं अमेरिकेत तोपर्यंत कुठल्याच गाण्याचं झालं नव्हतं. ते कसं झालं, कुणाच्या जिवावर झालं आणि त्यातून कुणाला काय मिळालं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी चालीकडे पाहू. सगळा पसारा खालच्या षड्जापासून धैवतापर्यंतचा, म्हणजे पुरतं एक सप्तकही लागत नाही. ज्याचा गळा कधी तयार झालेला नाही तोही हे गाणं न ताणता गाऊ शकतो. कडव्याच्या चार ओळी एकाच चालीच्या. फरक फक्त शेवटाला. पहिली ओळ रिषभावर अधांतरी थांबते आणि दुसरी षड्जावर येऊन टेकते. पुन्हा तसंच. मग धृपद येतं. त्याच्या दोन ओळींतली दुसरी परत कडव्याचीच. म्हणजे सहा ओळींपैकी पाच ओळी आपण पहिल्या दोन ऐकल्या तेव्हाच शिकलेलो असतो. राहिली एक, धृपदाची पहिली, जिथे सुझानाला नावाने हाक मारली जाते. नेमक्या त्या जागी, इतका वेळ राखून ठेवलेला मध्यम पहिल्यांदा लागतो. भूपात रंगलेल्या कानाला तो एकदम उजेडासारखा जाणवतो. हाक ऐकू येते ती त्या मध्यमामुळे. मिन्स्ट्रेल मंडळींच्या, म्हणजे तोंडाला काजळी फासून गाणाऱ्या गोऱ्या नटांच्या, रंगमंचावर कडवं एकट्याचं असे आणि धृपदाला बाकीचे आवाज मिळत. त्यामुळे ही जागा आणखी भरून येई.

ठेका दोन मात्रांचा, पोल्का नाचाचा. बोहेमियातून निघालेला पोल्का पॅरिसमार्गे १८४४ च्या सुमारास अमेरिकेत पोचला होता आणि शहरांतल्या नाचघरांना त्याने वेड लावलं होतं. कारकुनाने त्या ताज्या ठेक्यावर पाच स्वरांची जुनी, लोकगीतासारखी चाल बसवली. हे जोडकाम साधं वाटतं, पण माझ्या मते गाण्याचं अर्धं यश त्यातच आहे. नवं ऐकल्याची गंमत आणि आधीपासून येत असल्याची खात्री, दोन्ही एकाच वेळी मिळतात.

आता शब्द. ते इथे उतरवत नाही, अर्थ सांगतो. एक काळा माणूस गुडघ्यावर बॅन्जो घेऊन अलाबामाहून लुइझियानाकडे निघाला आहे, कारण त्याची प्रेयसी तिकडे आहे. तो निघाला त्या दिवशी रात्रभर पाऊस पडला, पण हवा अगदी कोरडी होती. ऊन इतकं कडक होतं की तो गारठून मेला. विनोद असा की प्रत्येक वाक्य व्याकरणात आणि वृत्तात चोख बसतं, फक्त अर्थ उलटा पडतो. कान समाधानाने मान हलवतो तोवर बुद्धीला ठेच लागते आणि हसू येतं. उलट्या विधानांचं बळ मराठी वाचकाला मुक्ताबाईच्या कूट अभंगांमुळे माहीत आहे. तिथे त्या उलटेपणाच्या तळाशी अर्थ दडलेला असतो, इथे नुसता धक्का हवा असतो. पुढे तो स्वप्नात सुझानाला टेकडी उतरताना पाहतो. तिच्या तोंडात कुट्टूच्या पिठाचं धिरडं आणि डोळ्यात पाणी. शेवटी तो ठरवतो की न्यू ऑर्लिन्सला जाऊन तिला शोधायचं, आणि सापडली नाही तर मरायचं.

या शेवटच्या दोन चित्रांशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. १८४७ च्या दक्षिणेत काळ्या माणसाची प्रिय व्यक्ती दूर लुइझियानात का असायची? व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकीतले मालक गुलाम विकत आणि त्यांना नदीच्या किंवा समुद्राच्या वाटेने खाली कापसाच्या आणि उसाच्या मुलखात नेलं जाई. न्यू ऑर्लिन्स हा या बाजाराचा सगळ्यात मोठा अड्डा होता. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे, ही रोजची गोष्ट होती. गाणं हे काहीच सांगत नाही. पण ताटातुटीची खरी वेदना तिथे पडून होती आणि गाण्याने तिच्यावर विनोदाची झूल चढवली, असं मला वाटतं. म्हणूनच हे गाणं जरा सावकाश गायलं की ते रडवेलं होतं.

आणि एक कडवं असं आहे जे आजच्या शाळेच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यात तो माणूस तारयंत्रावर स्वार होऊन नदीच्या दिशेने जातो. मोर्सची पहिली तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला मे १८४४ मध्ये गेली होती. तार म्हणजे नेमकं काय, हे लोकांना अजून कोडंच होतं, तेव्हा ही कल्पना त्या काळी ताजी होती. पण पुढच्याच ओळीत ती वीज भडकते आणि पाचशे काळी माणसं मरतात. त्यांच्यासाठी वापरलेला शब्द शिवी आहे. हाही विनोदच समजला गेला. पाचशे माणसं मेल्यावर प्रेक्षकांनी हसायचं होतं, आणि ते हसले.

हे समजून घ्यायचं तर ज्या रंगमंचासाठी गाणं लिहिलं तो पाहायला हवा. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोऱ्या नटांनी काळ्यांची सोंगं घ्यायची, असा प्रकार अमेरिकेत १८३० च्या आसपास फोफावला. टॉमस डार्टमथ राइस या नटाने ‘जिम क्रो’ नावाचं पात्र नाचत-गात गाजवलं. पुढे दक्षिणेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना जे नाव चिकटलं ते याच पात्राचं. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला चौघांनी मिळून ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ ही मंडळी उभी केली: डॅन एमेट फिडलवर, बिली व्हिटलॉक बॅन्जोवर, डिक पेलम डफावर आणि फ्रँक ब्राउअर हाडांच्या चिपळ्यांवर. चौघांनी मिळून पूर्ण संध्याकाळचा खेळ केला आणि तिथून मिन्स्ट्रेल शोची घडी बसत गेली. मंडळी अर्धवर्तुळात बसायची. मधोमध गंभीर चेहऱ्याचा सूत्रधार, दोन टोकांना डफ वाजवणारा टॅम्बो आणि चिपळ्या वाजवणारा बोन्स. सूत्रधाराने शहाणपणाचं बोलायचं आणि टोकांवरच्यांनी त्याचा अर्थाचा अनर्थ करायचा. बतावणीतला सोंगाड्या ज्याने पाहिला आहे त्याला ही युक्ती लगेच ओळखू येईल. फरक मोठा आहे तो असा की सोंगाड्या आपल्या प्रेक्षकांतलाच एक असतो आणि बहुधा वरच्याची खोड काढतो. इथे गोरे नट गोऱ्या प्रेक्षकांसमोर, ज्यांना बाजारात विकता येत होतं अशा माणसांची टिंगल करत होते.

आणि ज्या वाद्यावर ही टिंगल चाले ते वाद्य त्याच माणसांचं होतं. बॅन्जो गुलामांबरोबर आफ्रिकेतून आला. भोपळ्याचं तुंबं, त्यावर ताणलेलं कातडं, लाकडी दांडी आणि तारा. आपल्याकडच्या तुंब्याच्या वाद्यांशी त्याचं रूप जुळणारं आहे. टॉमस जेफरसनने अठराव्या शतकात व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणल्याची नोंद केली आहे. गोऱ्या नटांनी ते काळ्या वादकांकडून शिकून घेतलं आणि पन्नास वर्षांच्या आत ते जणू त्यांचंच झालं.

तर तो कारकून. स्टीफन कॉलिन्स फॉस्टरचा जन्म पिट्सबर्गजवळ लॉरेन्सव्हिल इथे ४ जुलै १८२६ रोजी झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्याच दिवशी ५० वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी जेफरसन आणि जॉन अॅडम्स हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष वारले. घर एके काळी खातंपितं, नंतर ओढगस्तीचं. १८४६ च्या अखेरीस स्टीफन ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीला गेला आणि भाऊ डनिंगच्या आगबोटींच्या पेढीत हिशेबनीस म्हणून बसला. नदीपलीकडे केंटकी, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख. धक्क्यावर काळे हमाल, बोटींवर काळे खलाशी, त्यांची गाणी. आणि गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या मिन्स्ट्रेल मंडळ्याही याच बोटींनी येत. दक्षिणेची गाणी लिहिणाऱ्या या माणसाने खोल दक्षिण तोवर पाहिलीही नव्हती. तो न्यू ऑर्लिन्सला गेला तो १८५२ मध्ये, बायकोबरोबर आगबोटीच्या सहलीवर.

‘ओ! सुझाना’ पहिल्यांदा गायलं गेल्याची जी नोंद आहे ती शनिवार, ११ सप्टेंबर १८४७ ची. जागा, पिट्सबर्गमधलं अँड्र्यूज यांचं ईगल आइस्क्रीम सलून. लोकांनी आइस्क्रीम खायला यावं म्हणून मालक तिथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम ठेवत. त्याच पिट्सबर्गमध्ये तेव्हा मार्टिन डिलेनी हा काळा लेखक ‘द मिस्टरी’ नावाचं काळ्यांचं वर्तमानपत्र चालवत होता. एकाच गावात दोन आवाज होते, आणि एकाच आवाजासाठी टाळ्या पडत होत्या.

पुढचा भाग समजायला गाण्याचा बाजार तेव्हा कसा चाले ते सांगायला हवं. ध्वनिमुद्रण नव्हतं, एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून ३० वर्षं होती. गाणं विकायचं म्हणजे त्याचा कागद विकायचा. धातूच्या पत्र्यावर स्वरलिपीची चिन्हं ठोकून कोरायची, त्यावरून दोन-चार पानांची प्रत छापायची आणि साधारण २५ सेंटला दुकानात ठेवायची. विकत घेणाऱ्या बहुतेक घरात पियानो असलेल्या मध्यमवर्गीय मुली आणि बायका असत. त्या जमवलेले कागद चामड्याच्या बांधणीत एकत्र शिवून घेत. असे ग्रंथ अमेरिकेतल्या संग्रहालयांत आजही आहेत.

या कागदाची जाहिरात करायचे ते रंगमंचावरचे गायक. मंडळी गावात आली, गाणं गाजलं, की दुसऱ्या दिवशी दुकानात त्या गाण्याची मागणी. म्हणून गाणं रचणारा आपली हस्तलिखितं गायकांना फुकट देई. फॉस्टरनेही तेच केलं. कायद्याची बाजू अशी होती: १८३१ च्या कायद्याने संगीताला पहिल्यांदा स्वामित्वहक्क मिळाला होता, पण तो छापण्याचा आणि विकण्याचा हक्क. गाणं जाहीरपणे गाण्याबद्दल रचनाकाराला पैसे मिळण्याची तरतूद अमेरिकेत १८९७ पर्यंत नव्हती. छापण्याचा हक्क मिळवायला मुखपृष्ठाची प्रत जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाकडे नोंदवायची. नोंदवणारा खरोखर रचनाकार आहे का, हे कुणी तपासत नसे. हातात हस्तलिखित असलेला कुणीही जाऊन नाव घालू शकत होता.

आणि लोक गेले. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कच्या सी. होल्ट ज्युनियर याने ‘ओ! सुझाना’ नोंदवून छापलं. मुखपृष्ठावर मिरवलं ते क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स या तेव्हाच्या सर्वांत गाजलेल्या मंडळीचं नाव. त्यानंतर फेब्रुवारी १८५१ पर्यंत हे गाणं निदान २१ वेळा वेगवेगळ्या नावांनी नोंदवलं आणि छापलं गेलं. फॉस्टरने स्वतः सिनसिनाटीच्या डब्ल्यू. सी. पीटर्स या प्रकाशकाला गाणं दिलं होतं, पण पीटर्सची नोंद व्हायला १८४८ चा डिसेंबर संपत आला. तोवर गाणं देशभर झालं होतं. लाखाहून अधिक प्रती खपल्या, असं म्हटलं जातं. ज्या काळात पाच हजार प्रती म्हणजे डोक्यावरून पाणी, त्या काळात.

फॉस्टरला मिळाले १०० डॉलर. पन्नासाच्या दोन नोटा.

हिशेबनीसाच्या डोक्यात पुढचं गणित आलंच असणार. लाख प्रती, २५ सेंट, म्हणजे २५ हजार डॉलरची उलाढाल. पण त्याने नंतर स्वतःच सांगितलं की या दोन नोटांनीच आपल्याला गीतकाराच्या धंद्यात आणलं. मी त्याचं म्हणणं खरं मानतो. २१-२२ वर्षांच्या पोराला, ज्याने आजवर गाणी मित्रांमध्ये वाटली होती, कागदावरच्या चार ओळींचे रोख पैसे कुणी देतं हेच नवल वाटलं असणार. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्थ, पॉन्ड आणि कंपनीने त्याच्याशी करार केला: यापुढच्या गाण्यांवर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दोन सेंट. अमेरिकेत केवळ गाणी लिहून पोट भरायचं ठरवणारा तो जवळजवळ पहिला माणूस. १८५० मध्ये वह्या मिटून तो पिट्सबर्गला परतला आणि त्याच वर्षी जेन मॅकडॉवेलशी त्याचं लग्न झालं.

सुझाना मात्र तोवर त्याच्या हाताबाहेर गेली होती, आणि ती गेली ती पश्चिमेला. तारखा पाहा. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात सटरच्या लाकूडगिरणीजवळ जेम्स मार्शलला सोन्याचे कण सापडले. बरोबर महिन्याभराने न्यूयॉर्कला गाणं छापलं गेलं. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोकने सोन्याची बातमी काँग्रेससमोर खरी ठरवली आणि देश उठून निघाला. १८४९ या एका वर्षात सुमारे ९० हजार माणसं कॅलिफोर्नियात पोचली असा अंदाज आहे. कुणी केप हॉर्नला वळसा घालून सहा-सहा महिने जहाजात काढले, कुणी बैलगाड्यांनी दोन हजार मैल तुडवले. एवढ्या प्रवासात प्रत्येकाला येणारं गाणं एकच असतं, आणि ते चार दिवसांपूर्वी गाजलेलं असतं.

शिवाय या गाण्याची घडणच अशी की कुणीही ते उचलून आपले शब्द घालावेत. जात्यावर बसलेली बाई जशी ओवीचा साचा तसाच ठेवून आजच्या दिवसाचं दुःख त्यात ओतते, तसं. गाण्यातला माणूस प्रवासाला निघालेला होताच. गावाचं नाव बदललं की झालं. अलाबामाच्या जागी सेलम आलं, लुइझियानाच्या जागी कॅलिफोर्निया, आणि गुडघ्यावरच्या बॅन्जोच्या जागी सोनं धुवायचं पातेलं. सेलम बंदरातून १८४८ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘एलायझा’ जहाजावर ही नवी कडवी जुळली आणि मग खाणीखाणींतून पसरली. सुझानाला रडू नकोस म्हणणाऱ्या धृपदाला यात नवा अर्थ आला. ते आता घरी राहिलेल्या बायकोला सांगणं झालं. मागे राहिलेल्या किती बायकांना ते पत्रातून वाचावं लागलं असेल! पुष्कळ नवरे परतलेच नाहीत. कुणाला वाटेत पटकीने गाठलं, कुणी खाणीत संपले.

मूळ गाण्यातला काळा माणूस या आवृत्तीतून मुकाट्याने नाहीसा झाला. गोऱ्या अमेरिकेने त्याचा प्रवास, त्याचं प्रेम आणि त्याची चाल घेतली आणि त्याला खाली उतरवलं. सुझाना ‘आपलं’ लोकगीत झालं ते याच टप्प्यावर, असं माझं मत आहे.

इथे आपल्या बाजूचा एक धागा येतो. सोन्याच्या गर्दीची वार्तापत्रं लिहिण्यासाठी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने बेयर्ड टेलर या तरुण लेखकाला १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. हाच टेलर १८५२ च्या डिसेंबरअखेरीस मुंबई बंदरात उतरला आणि तिथून उत्तरेकडे आग्रा, दिल्लीला गेला. दिल्लीत एका हिंदुस्थानी गवयाच्या तोंडून आपल्या देशातली मिन्स्ट्रेल गाणी ऐकून तो चकित झाला. ते त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. पाच-सहा वर्षांत ही गाणी जगाला अर्धी प्रदक्षिणा घालून आली होती, आणि तीही तारेशिवाय, तबकडीशिवाय, फक्त खलाशांच्या आणि पलटणींच्या तोंडी. पुढे डेव्ह कार्सन नावाचा अमेरिकन मिन्स्ट्रेल नट कलकत्त्याला येऊन राहिला आणि काजळी फासण्याची तीच युक्ती बंगाली बाबूंची नक्कल करण्यासाठी वापरू लागला. ज्याची टिंगल करायची तो माणूस बदलला, यंत्र तेच.

फॉस्टरचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते दुःखद असलं तरी सरळ आहे. दोन सेंटांचा करार चांगला होता, पण तो एकटाच आधार होता. कार्यक्रमांचे पैसे नाहीत, चोरट्या आवृत्त्यांचे नाहीत. १८५१ मधलं त्याचं सर्वांत मोठं गाणं, ‘ओल्ड फोक्स अॅट होम’, त्याने क्रिस्टी मिन्स्ट्रेल्सच्या ई. पी. क्रिस्टीचं नाव रचनाकार म्हणून घालू देऊन छापलं. नंतर पस्तावून त्याने नाव परत मागितलं, पण ते त्याच्या हयातीत मिळालं नाही. खर्च वाढत गेला, आगाऊ उचल वाढत गेली. १८५७ मध्ये त्याने वही काढून प्रत्येक गाण्याची भावी कमाई मांडली आणि सगळ्या गाण्यांवरचे पुढचे हक्क मिळून १,८७२ डॉलर २८ सेंटांना विकून टाकले. शेवटची वर्षं न्यूयॉर्कच्या बावरी भागात, दारूच्या आहारी, गाणी जातील त्या किमतीला विकत गेली. जानेवारी १८६४ मध्ये तो खोलीत पडून जखमी झाला आणि १३ तारखेला बेलव्ह्यू रुग्णालयात वारला. वय ३७. खिशात ३८ सेंट निघाले.

ही गोष्ट अमेरिकेत पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगताना डोळे ओलावतात. मलाही वाईट वाटतं. पण फसवला गेलेला तो एकटाच होता असं मानून थांबणं मला पटत नाही. त्याची निदान नोंद झाली, करार झाले, वही राहिली. ज्यांच्याकडून बॅन्जो आला आणि ज्यांच्या बोलीची नक्कल करून हसू विकलं गेलं, त्यांच्या नावाने दोन सेंट सोडाच, एक ओळ लिहिली गेली नाही. पिट्सबर्गने १९०० मध्ये फॉस्टरचा पुतळा उभारला तेव्हा त्याला वही घेऊन बसवलं आणि पायाशी, खाली, अनवाणी काळा माणूस बॅन्जो वाजवताना दाखवला. शिल्पकाराला तो गौरव वाटला असेल. ११८ वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, शहराने तो पुतळा हलवला.

फ्रेडरिक डग्लस मात्र वेळ गेल्यावर बोलणाऱ्यांपैकी नव्हता. गुलामगिरीतून पळून आलेला हा माणूस रॉचेस्टरहून ‘द नॉर्थ स्टार’ हे पत्र चालवत होता. सुझानाच्या प्रती धडाधड खपत होत्या त्याच वर्षी, ऑक्टोबर १८४८ मध्ये, त्याने त्यात काळी तोंडं करणाऱ्या नटांवर सणसणीत लिहिलं: निसर्गाने यांना नाकारलेला रंग हे आमच्याकडून चोरतात आणि त्याच्यावर पैसा करतात, या अर्थाचं. पुढे १८५५ मध्ये त्यानेच फॉस्टरच्या काही करुण गाण्यांबद्दल म्हटलं की ती गुलामांविषयी सहानुभूती जागवू शकतात. दोन्ही विधानं एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पण सगळ्यात धीट उत्तर दिलं ते जोशुआ मॅकार्टर सिम्पसनने. ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिलचा हा स्वतंत्र काळा माणूस. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत धाडण्याचा कडक कायदा झाला आणि उत्तरेकडची राज्यंसुद्धा सुरक्षित राहिली नाहीत. सुटायचं तर कॅनडा गाठायला हवा होता. १८५२ मध्ये सिम्पसनने गुलामगिरीविरुद्धच्या गीतांचं पुस्तक छापलं. त्यातल्या ‘अवे टू कॅनडा’ या गीताला त्याने चाल दिली ‘ओ! सुझाना’ची. काळ्यांची थट्टा करणाऱ्या गाण्यांनी बाटवलेल्या गोड चाली चांगल्या कामाकडे वळवाव्यात, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

आता पुन्हा पेटीकडे या. तेच पाच स्वर, तोच पोल्काचा ठेका, तोच निघालेला काळा माणूस. दिशा फक्त बदलली आहे: दक्षिणेऐवजी उत्तर. बोलणारा सोंग घेतलेला नट नाही. टेनेसीतून पळालेला खरा माणूस आहे. आणि धृपदाला, जिथे तो मध्यम लागतो आणि हाक ऐकू येते, तिथे सुझाना नाही. तिथे मालक आहे. प्रेयसीला रडू नकोस म्हणण्याच्या जागी मालकाला सांगितलं आहे की माझ्या मागे येऊ नकोस. पाऊस आणि कोरड्या हवेचा विनोद गेला. त्याजागी थंडी, भूक आणि सीमा ओलांडण्याची उमेद आली. हॅरिएट टबमन जिवावर उदार होऊन लोकांना गुलामगिरीतून बाहेर काढत होती; तिचं चरित्र सारा ब्रॅडफर्डने लिहिलं, त्यात कॅनडाकडे निघालेल्या पळालेल्या गुलामांच्या तोंडी हे गीत येतं.

चाल फॉस्टरचीच आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण १८४८ ते १८५२ या चार वर्षांत तिच्यावर जे जे शब्द बसवले गेले त्यांत मला हे सगळ्यात मोलाचे वाटतात. आपल्या शाळांतून, गिटारच्या वर्गांतून हे गाणं मुलांना शिकवलं जातं, ते जरूर शिकवावं. चाल सुरेख आहे. फक्त शिकवणाऱ्यांना एक विनंती: बॅन्जो कुठून आला ते मुलांना सांगा, आणि फॉस्टरच्या नावाशेजारी जोशुआ सिम्पसनचं नावही फळ्यावर लिहा.